काचेवरची ओल

“ही ओल काचेची की माझी?” तिने विचारलं.

मी फुंकणी खाली ठेवून वळलो. भट्टीच्या दाराशी ओडिलिया उभी होती, आमच्या खोऱ्याच्या मेलेल्या काउंटची एकुलती एक मुलगी. आदल्या दिवशी केलेली एक काच तिने तोंडासमोर धरली होती, आणि काचेवर तिच्या श्वासाचं धुकं बसलं होतं.

“तुमची,” मी म्हटलं. “गार काचेवर ऊन श्वास पडला की ओल धरते. काच आपली आपण भिजत नाही.”

“कधीच नाही?”

“वाईट काच भिजते, बाईसाहेब,” बर्टोल्ट मेस्त्री मागून म्हणाले. भट्टी त्यांची होती, मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काम करत होतो. “काच म्हणजे काय, वाळू आणि लाकडाची राख. राख जास्त घातली की लवकर वितळते, आळशी माणसाला बरं पडतं. पण अशी काच म्हातारपणी रडते. आज नाही, तीस-चाळीस वर्षांनी. हवा जरा दमट झाली की हिच्या अंगाला घाम. हा आमचा यॉस्ट राखेच्या बाबतीत मोठा उदार आहे. त्याच्या सगळ्या काचा रडणार. आपण तेव्हा नसू, एवढंच सुख.”

ती हसली. मग धुकं विरायच्या आत तिने बोटाने काचेवर एक मासा काढला. दोन वाकड्या रेघा आणि शेपटी.

“मासाच का?” मी विचारलं.

“दुसरं काही काढता येत नाही मला.”

धुकं गेलं, तसा मासाही गेला. तिचा चेहरा लहान मुलासारखा उतरला. मी म्हटलं, “गेला नाही. बोटाला तेल असतं, ते काचेवर राहतं. परत श्वास सोडा.”

तिने तोंड उघडून हळूच श्वास सोडला. मासा परत आला. तिने तो घालवला, पुन्हा आणला, पुन्हा घालवला. शेवटी मठातली सिस्टर एफ्रा दारातून ओरडली, “ओडिलिया, खिडकीच्या काचा बघायला आलोय आपण, मासे धरायला नाही!”

“म्हणजे मी गेले तरी हा राहणार,” ती जाता जाता म्हणाली.

“काच धुवेपर्यंत.”

“मग धुऊ नकोस.”

ती थट्टेत म्हणाली होती. मी काच धुतली नाही. कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि काउंटची मुलगी काच करणाऱ्याशी एवढं बोलते हेच माझ्यासाठी वर्षभर पुरणारं होतं.

वडील वारल्यावर सावत्र आईने ओडिलियाला टेकडीवरच्या मठात ठेवलं होतं. नन व्हायचं की लग्न करायचं ते ठरायचं होतं, आणि ठरवणार होती सावत्र आईच. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला तिने मठात मधात घोळवलेल्या सफरचंदांची टोपली पाठवली. सगळ्यात वरचं, सगळ्यात लाल सफरचंद ओडिलियाच्या नावाचं होतं. तिने एक घास खाल्ला आणि जेवणाच्या बाकावरून खाली कोसळली.

सिस्टर एफ्रा मठातल्या आजाऱ्यांचं बघायची. तिने नाकापाशी पीस धरलं, ते हललं नाही. छातीला कान लावला, ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी मृताची मिस्सा, म्हणजे शेवटची प्रार्थना, झाली. खड्डा खणून तयार होता. पण प्रेत ताठलं नव्हतं. चौथ्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी ओठांचा रंग तसाच होता, आणि वास म्हणून नव्हता. लोक मठाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकू लागले.

अकराव्या दिवशी मठमाता इर्मगार्ड स्वतः बर्फातून भट्टीवर आल्या. उंच, सडपातळ बाई. त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द जास्त ऐकला नव्हता.

“पेटी हवी,” त्या म्हणाल्या. “काचेची. चारी बाजूंनी दिसली पाहिजे. देवाने जिला कुजू दिलं नाही तिला आम्ही मातीत घालणार नाही.”

“एवढी मोठी काच कुणाच्या बापाला होत नाही, माते,” मेस्त्री म्हणाले. “लहान लहान काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवू. खिडकीसारखी पेटी होईल.”

“नाताळच्या आत.”

नाताळच्या आत म्हणजे घाई, आणि घाई म्हणजे राख जास्त. मी काचा केल्या. आमची पद्धत अशी: लांबट फुगा फुंकायचा, त्याची दोन्ही टोकं कापायची, नळी उभी चिरायची आणि तापवून पुस्तकासारखी उघडायची. त्या पानातून दोन काचा निघतात, एका पोटच्या, जुळ्या. मग त्या मंद भट्टीत ठेवून दिवसभर सावकाश निववायच्या. न निववता बाहेर काढलेली काच दिसायला तशीच असते, पण तिच्या पोटात राग राहतो. कधी कुणाच्या नुसत्या पावलांनी फुटेल, सांगता येत नाही.

पेटीला चोवीस काचा लागल्या. बावीस नव्या होत्या, दोन जुन्या. जुन्यांतली एक मी फळीवरून काढली, माशाची. मासा आतल्या बाजूला ठेवून मी ती तिच्या चेहऱ्यावर बसवली. तिच्याच नळीची जुळी काच पायाशी. का, ते त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिचं तिच्यापाशी असावं, एवढंच.

पेटी वेदीसमोर ठेवली तेव्हा ती आत होती. पांढरा झगा, हात छातीवर, उजवा डाव्यावर. मी काचेतून पाहिलं. मेलेलं माणूस मी पाहिलं होतं, आई, दोन भाऊ. मेलेलं माणूस वस्तूसारखं दिसतं. ही तशी दिसत नव्हती. ही ऐकत असल्यासारखी दिसत होती. मी पट्ट्यांच्या सांध्यांत खडू आणि तेलाची लुगदी भरली, पण थंडीने ती धरेना. फटी राहिल्या. मठमातांना मी सांगितलं, उन्हाळ्यात परत भरीन.

जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी मठाची घंटा अवेळी वाजू लागली. सिस्टर एफ्रा धापा टाकत टेकडी उतरून आली.

“यॉस्ट, चल! खूण! देवाने खूण दाखवली!”

चॅपलमध्ये सगळ्या नन गुडघ्यांवर होत्या. एकीचा हुंदका थांबत नव्हता. पेटीच्या चेहऱ्यावरच्या काचेवर आतून धुकं होतं, आणि धुक्यात मासा उमटला होता. दोन वाकड्या रेघा आणि शेपटी.

मासा म्हणजे ख्रिस्ताची जुनी खूण. हे लहान मुलालाही ठाऊक होतं.

क्षणभर मीही गुडघे टेकले. पण दुसऱ्याच क्षणी मी काच करणाऱ्यासारखा विचार केला, आणि तीच माझी चूक. मासा कुठून आला ते मला माहीत होतं. प्रश्न ओलीचा होता, आणि ओलीचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं: राख. काच रडतेय. चाळीस वर्षांनी रडायची ती माझ्या जास्तीच्या राखेमुळे आत्ताच रडतेय. मला लाज वाटली. माझं वाईट काम वेदीसमोर मांडून ठेवलंय आणि बायका त्याच्यापुढे रडताहेत! मी कुणालाच काही बोललो नाही. मासा कुणी काढला तेही नाही.

मी बोललो नाही म्हणून पुढचं झालं. मठमातांनी त्याच दिवशी बिशपना पत्र धाडलं. आठवड्यात उत्तर आलं. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, बिशप येणार होते. बाळ येशूला मंदिरात नेल्याचा तो दिवस, सगळं खोरं घरच्या मेणबत्त्या घेऊन आशीर्वादाला येतं. त्या दिवशी ओडिलियाला संत म्हणून मान मिळणार होता, आणि शहरातल्या नव्या वेदीत ठेवायला बिशप तिचा एक अवशेष घेऊन जाणार होते.

“अवशेष म्हणजे?” मी सिस्टर एफ्राला विचारलं.

“उजवा हात,” ती म्हणाली. “मनगटापासून. संतांचा घेतातच. त्यात दुःख कसलं, तिला काय कळणार आहे?” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “पेटीत ठेवायच्या आधी मी तिची नखं कापली होती. दोनदा.”

“दोनदा?”

“संतांची वाढतात म्हणे.”

त्या दुपारी मी मेस्त्रींपाशी जाऊन सगळं ओकलो. राख, ओल, मासा. ते भट्टीत लाकडं सारत ऐकत होते.

“तू गाढव आहेस,” शेवटी ते म्हणाले.

“माहीत आहे. काच रडायला लागली म्हणजे...”

“त्याच्यासाठी नाही म्हटलं. मी एकसष्ट वर्षांचा आहे. सगळ्यात वाईट राखेची काचसुद्धा महिन्यात रडलेली मी पाहिली नाही. आणि रडली तर कुठे रडेल? एकाच वितळीच्या काचा आहेत ना? पायाशी तिची जुळी आहे. ती ओली आहे?”

मी आठवून पाहिलं. पायाशी कुणी बघत नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं.

“मग बघ की! तोंड काय बघतोस माझं?”

दुसऱ्या दिवशी शिसं सैल झाल्याचं निमित्त करून मी चॅपलमध्ये गेलो. पायाची काच कोरडी होती. पण तेवढ्याने काय सिद्ध होतं? एकाच नळीच्या दोन टोकांना राख कमीजास्त असू शकते. म्हणून मी पट्ट्यांच्या कडा वाकवल्या आणि दोन्ही काचांची अदलाबदल केली. माशाची पायाशी, कोरडी चेहऱ्यावर. काच आजारी असेल तर आजार काचेबरोबर पायाशी जाईल. नसेल तर ओल चेहऱ्यापाशीच राहील.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं सांगायचं तर ओल पायाशी जावी असंच मी मागत होतो. माझी काच वाईट ठरली असती, मेस्त्री जन्मभर चेष्टा करत राहिले असते, आणि ती फक्त मेलेली असती.

सकाळी उजाडता उजाडता मी चॅपलमध्ये होतो. थंडी अशी की वेदीवरचं पाणी गोठलं होतं. पायाशी माशाची काच होती, कोरडी, स्वच्छ, जणू तिच्यावर कधी काही काढलंच नव्हतं. चेहऱ्यावरच्या काचेवर मात्र हाताच्या पंजाएवढं धुकं होतं. मी बघत उभा राहिलो. धुक्याची कड अगदी सावकाश आत सरत होती. मी शंभर आकडे मोजले. मग ती कड थांबली आणि बाहेर सरकू लागली.

शंभर आकड्यांना एक श्वास! आणि कोपऱ्यात उभी राहिलेली नन ओठांतल्या ओठांत तिच्याच आत्म्यासाठी प्रार्थना म्हणत होती.

काचा परत जागच्या जागी बसवून मी मठमातांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

“पीस हललं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“पीस हलायला वारा लागतो, माते. काचेला नुसती ओल पुरते.”

“अडीच महिने अन्नपाण्यावाचून कोण जगतं?”

“मला माहीत नाही. मला काच कळते. काच सांगते, आत श्वास आहे.”

“आणि मासा?”

मी सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचा चेहरा कठोर झाला नाही, म्हातारा झाला.

“म्हणजे मी बिशपना एका मुलीचा खेळ खूण म्हणून कळवला,” त्या म्हणाल्या. “आणि जिच्यासाठी मृताची मिस्सा म्हटली ती जिवंत होती, हे मी आता खोऱ्याला सांगायचं. तू म्हणतोस म्हणून.”

“पेटी उघडून बघा.”

“बिशप येईपर्यंत पेटीच्या झाकणाला त्यांची मोहोर आहे. ती मी मोडू शकत नाही.” त्या उठल्या. “तू चुकला असलास तर तू एका संत स्त्रीची विटंबना करतोयस. बरोबर असलास तर...”  “देवाला ती जिवंत हवी असेल तर तो दाखवील. काच बसवणाऱ्याच्या तोंडून दाखवणार नाही. सणापर्यंत मठात पाऊल टाकायचं नाहीस, पेटीच्या कामाखेरीज.”

पेटीच्या कामाखेरीज! ते त्या मुद्दाम म्हणाल्या की सवयीने, यावर मी पुढे अनेक वर्षं विचार केला.

सणाला सहा दिवस होते. मी एक काच करायला घेतली. सपाट होऊन लाल असतानाच ती मंद भट्टीत न ठेवता सरळ दारात, बर्फाळ वाऱ्यात धरली. ती फुटली. दुसरी फुटली. तिसरी, चौथी. पाचवी टिकली. मेस्त्री कोपऱ्यात बसून कांदा-पाव खात होते. नऊ वर्षं जे करू नये म्हणून त्यांनी माझ्या पाठीत काठ्या घातल्या होत्या, तेच मी त्यांच्या डोळ्यांदेखत करत होतो.

“कुठे बसवणार?” त्यांनी विचारलं.

“हातांवर. चेहऱ्यावर नको, डोळ्यांत जाईल.”

“हं.” त्यांनी घास गिळला. “पाचवी जपून ने. तिच्यासमोर जोरात बोलूसुद्धा नकोस.”

माझा बेत साधा होता. सणाला पेटीच्या कडेने शेकडो मेणबत्त्या लागणार. एका बाजूने तापली की ही काच आपली आपण फुटणार, बिशपांसमोर, कुणी हात न लावता. अपशकुन म्हणून विधी थांबेल, पेटी उघडून बघावी लागेल. त्यापुढचं मी ठरवलं नव्हतं. सणाच्या आदल्या दिवशी पेटीच्या कामाचं निमित्त करून मी ती तिच्या हातांवर बसवली.

दोन फेब्रुवारीला सकाळीच चॅपल भरलं. बाया, म्हातारे, पाठुंगळीला पोरं. प्रत्येक घराने आपली मेणबत्ती पेटीच्या दगडी चौथऱ्यावर लावली. मी माझी, मनगटाएवढी जाड, त्या काचेला अगदी खेटून लावली आणि मागे भिंतीशी मेस्त्रींजवळ जाऊन उभा राहिलो. बिशप ठेंगणे, सर्दी झालेले गृहस्थ होते. त्यांच्यामागे एक शस्त्रवैद्य उभा होता, हातात तागात गुंडाळलेलं काहीतरी.

स्तोत्र झालं. काच फुटली नाही. वाचन झालं. माझी मेणबत्ती बोटभर जळली. काच तशीच. पेटीच्या वर हवा थरथरत होती आणि तिच्यातून ओडिलियाचा चेहरा हलल्यासारखा दिसत होता. एक बाई किंचाळून बेशुद्ध पडली.

“निवली तर नाही ना ती आपोआप?” मी कुजबुजलो.

“गप,” मेस्त्री म्हणाले. 

बिशपांनी मोहोर तोडली. वैद्याने ताग उलगडला. आत पातं होतं, रुंद, खाटकाकडे असतं तसं. मी भिंतीपासून निघालो. काय करणार होतो, देव जाणे. तेवढ्यात बिशपांनी आशीर्वादासाठी पवित्र पाण्यात कुंचला बुडवला आणि पेटीवर झटकला.

माझ्या हिशेबात पाणी नव्हतं. रोज भट्टीवर वावरणाऱ्या माणसाला तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब सुचला नव्हता!

आवाज एखादी कोरडी फांदी मोडावी एवढाच झाला. काचेचा चुरा आत पडला.  आणि मग सिस्टर एफ्रा, जी सगळ्यात जवळ होती, ओरडली, “रक्त!”

ओडिलियाच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक लांब चीर पडली होती. तिच्यातून रक्त आलं. आधी थेंब, मग धार, पांढऱ्या झग्यावर पसरत जाणारी.

“मेलेल्याचं रक्त वाहत नाही,” वैद्य म्हणाला. त्याने पातं खाली ठेवलं.

मठमाता सगळ्यांच्या आधी हलल्या. त्यांनी झाकण एकटीने ढकललं. सिस्टर एफ्राने ओडिलियाला उठवून बसवलं आणि पाठीत जोरात थापट्या मारल्या, घास अडकलेल्या पोराला मारतात तशा. तिसऱ्या थापटीला तिच्या तोंडातून काळा पडलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडला. मग तिने श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही. विझत आलेल्या भट्टीच्या भात्यासारखा, लांब, ओढलेला, आणि तो संपेचना.

तिने डोळे उघडले. मेणबत्त्या, बिशप, गुडघ्यांवर पडलेली माणसं. मग मांडीवरची काच.

“कुणी फोडली?” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“मी,” मी म्हटलं.

बिशप वळले. “काय म्हणाला हा?”

“आमेन म्हणाला,” सिस्टर एफ्रा म्हणाली. “सगळ्यांनी म्हणा, आमेन!”

आणि सगळं खोरं म्हणालं, आमेन.

बिशपांनी चमत्कार लिहून घेतला, पण त्याबरोबर एक अडचणही. तिच्यासाठी मृताची मिस्सा झाली होती. वाडवडिलांचं सगळं सावत्र आईच्या ताब्यात गेलं होतं, आणि सफरचंदाबद्दल मोठ्याने बोलायची कुणाची छाती नव्हती. बिशपांचा निवाडा आला: ती उठली आहे, पण काउंटची मुलगी मेली ती मेली.

एप्रिलात बर्फ वितळल्यावर ती भट्टीवर आली, एकटी, पायी.

“बाईसाहेब, बसा,” मेस्त्री गडबडले.

“बाईसाहेब मेली. मी ओडिलिया.” तिची नजर वरच्या फळीवर गेली. पेटी मोडल्यावर मी दोन्ही जुळ्या काचा घरी आणल्या होत्या. तिने एक उतरवली, उजेडात धरली. “एवढी घाण काच कशाला ठेवलीस?” असं म्हणून तिने ती पाण्याच्या पिंपात बुडवून बाहीने स्वच्छ पुसली. मी बघत राहिलो. मासा गेला. मग ती म्हणाली, “यॉस्ट, मेलेल्या मुलीला लग्नाला कुणाची परवानगी लागते?”

“पाद्र्याची,” मेस्त्री म्हणाले, “आणि भट्टीच्या मेस्त्रीची. माझी आहे.”

त्याला एकेचाळीस वर्षं झाली. आम्हाला चार मुलं झाली, तीन जगली. ती गाढ झोपायची, आणि तिच्या झोपेची मला शेवटपर्यंत भीती वाटली. म्हणून रोज सकाळी उठल्यावर मी ती काच तिच्या तोंडासमोर धरायचो. काचेवर धुकं आलं की ती डोळे न उघडता विचारायची, “आहे का रे अजून?”

“आहे.”

“मग चूल पेटव.”

परवा सकाळी काचेवर धुकं आलं नाही.

फादर लांबर्ट आले, तरुण आहेत, समजूतदार. त्यांनी पीस धरलं, मग मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, तीन दिवस थांबा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. या खोऱ्यात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, अर्धीमुर्धी. थंडी कडक होती. काल काच दिवसभर कोरडी राहिली. मी तिचा उजवा हात धरून बसलो. चिरेचा वण पांढरा, अजून स्पष्ट.

काल संध्याकाळी वारा फिरला. आज पहाटे छपरावरून बर्फाचं पाणी टपकू लागलं, हवा दमट झाली. उजाडल्यावर मी काच उचलून तिच्या तोंडासमोर धरली, आणि काचेवर ओल होती.

 मी फादरना हाक मारणार होतो. तोंड उघडलंही. बाहेर अंगणात ते आणि माझी मुलं उभी होती, कुदळ भिंतीला टेकवलेली.

मग मी काच उशीवर ठेवली, कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यापाशी गेलो आणि गवतात गुंडाळलेली दुसरी काच काढली. जुळी, एकाच नळीची. गेली एकेचाळीस वर्षं ती कुणाच्या तोंडासमोर धरली नव्हती. मी ती खिडकीपाशी नेली.

तिच्यावर तेवढीच ओल होती. बारीक, चिकट, कडेपर्यंत सारखी.

मी ती पहिलीच्या शेजारी उशीवर ठेवली. मग दार उघडलं.

“चला, फादर,” मी म्हटलं. “ओल काचेची आहे.”